चहापाण्याची मोजदाद

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी ताईकडे बिरसीला पोचलो, तेव्हा आमचे भावजी ओसरीवरच्या खाटेवर बसून वर्तमानपत्राशी भांडत होते. गोंदिया स्टेशनात उतरून कामठ्याच्या वाटेला लागले की दहा-बारा किलोमीटरवर हे गाव लागते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. हलके धान कापून झालेले, भारी धान अजून उभे, आणि डोक्यावर एक लहानसे विमान घिरट्या घालीत असलेले. येथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी बांधली. पुढे तिच्या आधाराने वैमानिक घडविणारी शाळा निघाली. २०२२ च्या मार्चमध्ये उतारूंची विमानसेवाही सुरू झाली, मधेच बंद पडली आणि २०२३ च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा सुरू केली. शिकाऊ पोरे दिवसभर आकाशात गोल गोल फिरत असतात. गावातली गुरेसुद्धा आता मान वर करीत नाहीत.

"वाचलंत का, आकडेवाले?" भावजींनी वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे आपटली. माझी सारी नोकरी नमुना पाहणीची पत्रके भरण्यात गेली म्हणून त्यांनी मला दिलेली ही पदवी. "भ्रष्टाचारात महाराष्ट्र पहिला! इतकी वर्षं आपण ऊस, कापूस आणि नाटकं यांत पहिले होतो. आता हेही!"

बातमी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून लिहिलेली होती. भ्रष्टाचाराचे गुन्हे महाराष्ट्रात २०२१ साली ७७३ आणि २०२२ साली ७४९ नोंदले गेले, आणि दोन्ही वर्षी हा आकडा देशात सर्वांत मोठा होता. काही राज्यांच्या रकान्यात एकेरी आकडा असतो, कुठे तर शून्यच.

"मग त्या शून्यवाल्या राज्यात जाऊन राहावं म्हणतो," भावजी म्हणाले.

"जा की," मी म्हणालो, "पण जाण्यापूर्वी एवढं सांगा, त्या शून्याचा अर्थ काय? तिथे कुणी घेत नाही, की तिथे कुणी पकडत नाही?"

एवढ्यात ताईने चहा आणला आणि वाद तात्पुरता थांबला. परंतु वाचकहो, पुढचे दोन दिवस आमच्या घरात फराळाबरोबर हाच विषय चघळला गेला. आणि मला वाटते, तो केवळ आमच्या घरापुरता नाही.

गुन्हा नोंदला कसा जातो ते आधी पाहिले पाहिजे. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ सालापासून आहे. एखाद्या माणसाकडे पैशाची मागणी झाली आणि तो हिंमत करून विभागाकडे गेला, तर आधी मागणीची पडताळणी होते. मग पंचांसमक्ष नोटांना एक पांढरी भुकटी लावतात. तिचे नाव फिनॉल्फथॅलीन. भुकटी बोटांना लागते, पण दिसत नाही. नोटा घेणाऱ्याची बोटे नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत जो रंग पाहून आपण टाळ्या पिटल्या, तोच रंग पाहून एखाद्याच्या पायाखालची जमीन सरकते. याला सापळा म्हणतात. आणि नोंदलेल्या गुन्ह्यांत बहुसंख्य या सापळ्यांचेच असतात.

म्हणजे आकडा होण्यासाठी काय काय जमून यावे लागते पाहा. मागणी व्हावी. ती ज्याच्याकडे झाली त्याला चीड यावी. ती चीड रात्रभर टिकावी. आपले काम कायमचे अडकेल ही भीती त्याने गिळावी. विभागाने त्याला दाराशी उभे करावे, आणि सापळा फसू नये. या साखळीतली एक कडी तुटली की आकडा नाही. लाच मात्र आहेच!

याची साक्ष आपल्याच राज्याने दिली आहे. २०१३ साली महाराष्ट्रात सापळ्यांची संख्या सहाशेच्या आत होती. २०१४ साली ती एकदम बाराशेच्या वर गेली. त्या एका वर्षात महाराष्ट्रातले नोकरवर्गातले लोक दुपटीने लोभी झाले, असे म्हणणारा मनुष्य अजून मला भेटलेला नाही. झाले होते ते एवढेच की विभागाने कंबर कसली, १०६४ हा टेलिफोनचा क्रमांक लोकांच्या कानांवर घातला, आणि तक्रार केली तर खरोखरच कुणी येते असा भरवसा लोकांना वाटू लागला. पुढे हा आकडा पुन्हा उतरला. तेव्हा आपण सुधारलो होतो काय?

गंमत म्हणजे शहाण्यासुरत्यांनाही ही चूक टळत नाही. नीती आयोगाने २०१८ साली राज्यांना शाश्वत विकासाचे गुण दिले, तेव्हा शांतता आणि न्याय या विषयात लोकसंख्येच्या प्रमाणात 'नोंदले गेलेले भ्रष्टाचाराचे गुन्हे' हा एक निकष धरला होता. गुन्हे जास्त तर गुण कमी. ज्या मास्तराने वर्गातल्या कॉपी पकडल्या त्याच्या वर्गाला नापास करायचे, आणि जो खुर्चीत डुलक्या घेत होता त्याच्या वर्गाला बक्षीस द्यायचे, असाच हा हिशेब. निकष घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यापुढे दुसरा छापील आकडाच नव्हता, हे खरे दुखणे.

"पण तो जर्मनीतला आकडा?" भावजींनी विचारले. ते बारावीपर्यंत इतिहास शिकवून निवृत्त झालेले आहेत, त्यांना सहजासहजी गुंडाळता येत नाही. "त्यात तर सगळ्या देशांचा नंबर लागतो."

तो आकडा बर्लिनच्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा. जागतिक बँकेत नोकरी केलेल्या पीटर आयगेन नावाच्या गृहस्थांनी ती १९९३ साली काढली, आणि १९९५ पासून ती दरवर्षी देशांची यादी प्रसिद्ध करते. शंभर म्हणजे निर्मळ, शून्य म्हणजे बुडालेले. २०२३ च्या यादीत भारताला ३९ गुण आणि ९३ वा क्रमांक होता, तर २०२४ मध्ये ३८ गुण आणि ९६ वा. यादी आली की आपल्याकडे दोन दिवस अग्रलेख होतात आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेट. या संस्थेने फार मोठे काम केले यात शंका नाही. ज्या गोष्टीचे नाव मोठमोठ्या परिषदांत घेणे असभ्यपणाचे मानले जाई, ती तिने चव्हाट्यावर आणली. परंतु त्या यादीच्या नावातच 'समज' हा शब्द आहे. तज्ज्ञांना आणि व्यापारी मंडळींना काय वाटते, त्याची ती बेरीज. आमच्या आजींना कुणी विचारलेले नाही. रोग्याला ताप किती आहे हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवावे, तशातला प्रकार. शेजारी बहुधा बरोबर सांगतात, पण एका गुणाने ताप चढला की उतरला हे त्यांना कसे कळावे? शिवाय एखादे मोठे प्रकरण उघडकीला आले, चार मोठी माणसे तुरुंगात गेली, की 'अरे, केवढा हा भ्रष्टाचार!' म्हणून समज आणखी वाईट होतो. प्रत्यक्षात त्या दिवशी देश थोडासा सुधारलेला असतो.

मग उरले काय? ज्याला चटका बसला त्यालाच विचारायचे. ऐकायला किती सोपे! मी त्याच संध्याकाळी प्रयोग करून पाहिला.

ताईच्या सासूबाई, म्हणजे सगळ्या घराच्या आजी, वाती वळीत बसल्या होत्या. मी विचारले, "आजी, गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाला लाच दिली का जी?"

आजी चपापल्याच. "लाच? राम राम! आपन कायले लाच देऊ? आपल्या घरात असलं काही चालत नाही."

मी पत्रकाचा कागद घडी घालून ठेवल्यासारखे केले. चहा झाला. मग सहज विचारले, "तुमच्या त्या दाखल्याचं काम झालं म्हणे?"

"झालं ना बापा. चार खेपा झाल्या. मंग त्या पोराले पेट्रोलचे पैसे देल्ले, तवा झालं. आनखी साहेबाच्या चहापान्याचे येगळे."

"किती?"

आजींनी आकडा सांगितला, अगदी रुपयांसकट. कार्यालय कोणते आणि पोरगा कोण हे मी येथे लिहीत नाही. ते महत्त्वाचेही नाही. महत्त्वाचे हे की पाच मिनिटांपूर्वी या बाईंनी 'नाही' म्हटले होते आणि त्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांच्या कोशात लाच म्हणजे सिनेमातल्या खलनायकाने चामडी पेटीतून दिलेली रक्कम. पेट्रोलचे पैसे म्हणजे पेट्रोलचे पैसे! मराठी भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे. चहापाणी, चिरीमिरी, खर्चपाणी, दक्षिणा, मिठाई, वजन, वरकड, साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा आहेर... शब्द इतके, आणि त्यांतला एकही 'लाच' नव्हे. दिवाळीच्या दिवसांत तर सुक्या मेव्याच्या डब्याला काय म्हणावे हे देणाऱ्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही.

आपल्या पूर्वजांनी ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली होती. पेशवाईच्या अखेरच्या काळातील मुलखी हिशेबांत 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' अशी कलमे असत. मामलत मिळविण्यासाठी किंवा टिकविण्यासाठी आतल्या गोटात जे पोचवायचे, ते खर्ची पडे आणि शेवटी रयतेच्या माथी बसे. नीतीच्या दृष्टीने निंद्य खरे, पण संख्याशास्त्रज्ञाच्या दृष्टीने केवढी सोय! आजच्या कोणत्याही देशात असा रकाना सापडायचा नाही. भावजी म्हणाले, "म्हणजे तेव्हाचे लोक प्रामाणिकपणे लाच खात." इतिहासाचे मास्तर, त्यांच्याशी वाद कोण घालणार!

असो. तर जगभरच्या संख्याशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता. भ्रष्टाचाराविरुद्धचा राष्ट्रसंघाचा करार ३१ ऑक्टोबर २००३ रोजी मंजूर झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला मेक्सिकोतल्या मेरिदा शहरात तो सह्यांसाठी ठेवला गेला. भारताने २०११ साली त्याला कायम मान्यता दिली. पुढे २०१५ साली सर्व देशांनी मिळून जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली, त्यांत लाचखोरी पुष्कळशी कमी करण्याचे कलम आले. 'कमी' म्हटले की प्रश्न आला, कशापेक्षा कमी? त्यासाठी मोजपट्टी ठरली ती अशी : गेल्या बारा महिन्यांत ज्यांचा सरकारी माणसाशी निदान एकदा संबंध आला, त्यांच्यापैकी किती जणांनी लाच दिली किंवा किती जणांकडे ती मागितली गेली. व्यापारधंदेवाल्यांसाठी अशीच दुसरी मोजपट्टी. आणि ही मोजणी प्रत्येक देशाच्या संख्या-कार्यालयाला नीट करता यावी म्हणून व्हिएन्नातल्या राष्ट्रसंघाच्या कचेरीने मेक्सिकोच्या सांख्यिकी संस्थेच्या साहाय्याने २०१८ साली एक जाडजूड मार्गदर्शिका काढली.

त्या मार्गदर्शिकेच्या मुळाशी जे शहाणपण आहे, ते आमच्या आजींनी मला पाच मिनिटांत शिकवले होते. 'लाच' हा शब्द उच्चारू नका. आधी एकेक करून विचारा, वर्षभरात पोलिसाशी गाठ पडली का, जमिनीच्या कागदासाठी कुठे गेलात का, सरकारी दवाखान्यात कुणाला नेले का, वीज, शाळा, दाखला? जेथे 'हो' येईल तेथे पुढचा प्रश्न, ठरलेल्या फीच्या वर काही पैसे, भेटवस्तू किंवा दुसरे काही द्यावे लागले का, स्वतः किंवा मध्यस्थामार्फत? कुणी मागितले? काम होण्याआधी की नंतर? किती? कुठे तक्रार केली का? आणि हे सारे एकांतात. पत्रके भरणारा माझ्यासारखा मनुष्य जाणतो, ओसरीवर चार शेजारी जमले की खरे उत्तर मागच्या दाराने पळून जाते. नवऱ्यासमोर बायको सांगत नाही, आणि बायकोसमोर नवरा तर मुळीच नाही.

मेक्सिकोची सरकारी सांख्यिकी संस्था २०११ पासून दर दोन वर्षांनी अशी पाहणी करते. पण मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते नायजेरियाचे. ज्या देशाचे नाव या बाबतीत चेष्टेनेच घेतले जाई, त्या देशाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१६ साली राष्ट्रसंघाची मदत घेऊन तेहतीस हजारांवर घरांत माणसे पाठवली. सरकारी माणसाशी ज्यांचा संबंध आला होता, त्यांच्यापैकी ३२.३ टक्के लोकांनी लाच दिली होती किंवा त्यांच्याकडे ती मागितली गेली होती. हा आकडा त्यांनी दडवला नाही, छापला. २०१९ साली पुन्हा मोजले, ३०.२ टक्के. २०२३ साली तिसऱ्यांदा मोजले, २७ टक्के. उतार बेताचाच, पण तो खरा उतार आहे. कुणाचा समज नव्हे. आणि एक आकडा तर मी वहीत लिहून ठेवला आहे : २०१६ मध्ये लाच देणाऱ्या शंभरांपैकी चार जणांनीही कुठे तक्रार केली नव्हती. म्हणजे तेथल्या पोलीस नोंदवहीवर विसंबून राहणाऱ्याला शंभरातल्या शहाण्णवांहून अधिक लाचा दिसल्याच नसत्या!

येथे भावजींनी एक मार्मिक शंका काढली. "तुम्ही म्हणता, ज्यांचा संबंध आला त्यांच्यापैकी. सगळ्यांपैकी का नाही?"

मी खडूने ओसरीच्या फरशीवर हिशेब मांडला. समजा गावात शंभर मोठी माणसे. त्यांतली साठ वर्षभरात कुठल्या ना कुठल्या कचेरीत गेली, आणि पंधरांना काही द्यावे लागले. शंभरात पंधरा, म्हणून १५ टक्के म्हणणारा खोटे बोलत नाही. साठांत पंधरा, म्हणून २५ टक्के म्हणणाराही खोटे बोलत नाही. एकाच गावाबद्दल दोन वर्तमानपत्रे दोन मथळे देतील आणि तिसरे म्हणेल की आकडेवाल्यांचे काही खरे नसते. म्हणून छेद कोणता घेतला हे आधी सांगावे, आणि पुढल्या वर्षी तोच घ्यावा. कुणी सांगावे, भीतीने किंवा कंटाळ्याने लोकांनी कचेरीत जाणेच सोडले, तर सगळ्यांपैकी काढलेला टक्का आपोआप घसरेल आणि साहेब पाठ थोपटून घेतील.

आपल्याकडे अशा पाहण्या झाल्या नाहीत असे नाही. बंगळूरला सॅम्युएल पॉल यांनी १९९४ साली नागरिकांकडून शहरातल्या सार्वजनिक सेवांचे प्रगतिपुस्तक भरून घेतले, आणि त्याचे अनुकरण पुढे कितीतरी देशांनी केले. त्याच बंगळूरच्या एका संस्थेने २०१० साली 'मी लाच दिली' असे सांगण्याची सोय इंटरनेटवर केली. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने घरोघर फिरून केलेल्या पाहणीत २००५ साली ५३ टक्के कुटुंबांनी सार्वजनिक सेवांत लाचेचा अनुभव सांगितला होता, तर २०१७ च्या वीस राज्यांच्या पाहणीत तो ३१ टक्क्यांवर आला होता. ही सारी कामे खाजगी संस्थांची. इंटरनेटवर येऊन सांगणारा स्वतःहून येतो, तो गावाचा नमुना नव्हे. आमच्या आजी तेथे कधी जाणार? आणि खाजगी पाहणी पैसा असेल त्या वर्षी होते, नसेल त्या वर्षी नाही. आपल्याकडे तांदळाचा खप, घरातली चूल, कामाचे तास हे सारे मोजणारी नमुना पाहणी १९५० पासून चालू आहे. तिच्या पत्रकात दर दोन-तीन वर्षांनी या विषयाची पाच-सात पाने का असू नयेत, याचे समाधानकारक उत्तर मला आयुष्यभर मिळाले नाही.

या बाबतीत मराठी माणसाने लाजून बसण्याचे कारण नाही. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख आपल्याला रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून आठवतात. ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे जवळजवळ वीस वर्षे अध्यक्ष होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. याच देशमुखांनी १९५९ साली जाहीर मागणी केली की मोठ्या जागांवरील लोकांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारे एक निःपक्षपाती न्यायमंडळ नेमा, म्हणजे मी स्वतः तेथे प्रकरणे दाखल करीन. पंडित नेहरूंना ही सूचना पटली नाही. पुढे १९६२ साली संथानम समिती नेमली गेली, १९६४ साली तिचा अहवाल आला आणि त्यातून केंद्रीय दक्षता आयोग निघाला. ती समितीही भ्रष्टाचार किती यापेक्षा तो कसा आणि का होतो, याच्याच मागे राहिली. त्या काळी दुसरे साधनही नव्हते म्हणा.

दुसरे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. रोमला राष्ट्रसंघाच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे ते १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे प्रमुख होते. पिकांचा अंदाज नमुन्याने कसा घ्यावा हे त्यांनी कितीतरी देशांना शिकवले. त्या काळी 'दोन-तृतीयांश जग उपाशी' असे मोठमोठे लोक व्याख्यानांतून सांगत. सुखात्म्यांनी १९६१ साली लंडनला संख्याशास्त्रज्ञांच्या सभेत हिशेब मांडला की पोटाला पुरेसे न मिळणारे लोक जगात १० ते १५ टक्के असावेत. निकस अन्नावर जगणारे धरले तर संख्या पुष्कळच वाढते, हेही त्यांनी सांगितले. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यावर रागावले. भूक कमी दाखवली म्हणून एक, आणि इतकीही दाखवली म्हणून दुसरे. पण तो आकडा कोणत्या रीतीने आला ते कुणालाही तपासता येत होते. भुकेच्या बाबतीत हे जमले, मग लाचेच्या बाबतीत का जमू नये?

एक मोठी अडचण मात्र आहे, आणि ती भावजींनीच काढली. २०१८ साली कायदा बदलला. लाच देणाराही आता सरळ गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवायचे, तरच सुटका. "मग तुमच्या पत्रकावर कोण सही करील?" भावजी म्हणाले. "आज पाहणीवाला, उद्या पोलीस!" सांख्यिकीच्या कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे, हे मी सांगितले. त्यांनी भुवई नुसती वर केली.

त्या भुवईवर एका अमेरिकन गृहस्थाने १९६५ सालीच उपाय शोधून ठेवला आहे. स्टॅन्ली वॉर्नर हे त्याचे नाव. त्याच्या युक्तीचा जो सुटसुटीत प्रकार पुढे रूढ झाला, तो मी दुसऱ्या दिवशी फराळानंतर ओसरीवर करून दाखवला. शेजारपाजारची मंडळी आली होती, धरून अकरा जण होते. प्रत्येकाने एक नाणे उडवायचे आणि तळहाताखाली आपले आपणच पाहायचे. छापा पडला तर डोळे मिटून 'हो' म्हणायचे. काटा पडला तर प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे. प्रश्न हा की, गेल्या वर्षात कामासाठी कुणाला वरचे काही दिलेत का? आता एखादा 'हो' म्हणाला, तर तो लाच दिली म्हणून म्हणाला की छापा पडला म्हणून, हे विचारणाऱ्याला कळत नाही, शेजाऱ्याला कळत नाही आणि पोलिसाच्या बापालाही कळत नाही. पण बेरीज मात्र फितूर होते! शंभर जणांना विचारले तर सुमारे पन्नासांचा छापा पडणार. त्यांचे 'हो' फुकटचे. एकंदर 'हो' पासष्ट आले, तर पन्नास वजा करून उरले पंधरा. हे पंधरा काटावाल्या पन्नासांतले, म्हणजे ३० टक्के. एकाही माणसाचे गुपित न उघडता गावाचे गुपित उघडले.

आजींना हे फार आवडले. त्यांनी नाणे दोनदा उडवून पाहिले. पहिल्यांदा ते वातींच्या टोपलीत पडले होते.

अकरांत आठ 'हो' आले. ताबडतोब भावजी हिशेब करायला बसले, तेव्हा मी त्यांना थांबवले. अकरा नाण्यांत आठ छापेसुद्धा पडू शकतात. ही युक्ती हजार-दोन हजार लोकांवर चालते. ओसरीवर ती पत्त्यांचा खेळ. शिवाय ज्याचा छापा पडला तोही पुष्कळदा 'हो' म्हणायला कचरतो. खोटेच का होईना, पण 'हो' तोंडातून निघत नाही, इतकी माणसाला आपल्या अब्रूची काळजी. जाणकार पाहणीवाले त्याचाही अंदाज घेतात.

बिरसीच्या लोकांना कागदाची किंमत सांगायला नको. विमानतळ वाढला तसतशी घरे-जमिनी गेल्या, पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि जिकडेतिकडे उतारे, नकला, दाखले. आमच्या ओसरीवर जमलेल्यांपैकी एक तरुण शेतकरी म्हणाला, "आता सातबारा मोबाइलवर निघते जी. पहिल्यासारखं नाही राहिलं." दुसरा म्हणाला, "निघते, पन फेरफाराचं काम?" तिसरा म्हणाला, "मोबाइलवालाच पैसे घेते." अर्धा तास त्यांचे चालले होते. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा आला, २०१८ पासून सहीचा डिजिटल सातबारा मिळू लागला. यांनी चहापाणी कमी झाले, की ते एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर गेले, या तिघांच्या वादाचा निकाल लावणारा आकडा या देशात कुणाच्याच कपाटात नाही. असता तर त्या तरुणाला काय उपयोग, असे तुम्ही विचाराल. निदान त्याला कळले असते की आपण एकटे नाही, आणि साहेबांना कळले असते की कोणत्या टेबलापासून सुरुवात करायची.

मंडळी उठता उठता ताई म्हणाली, "अहो, तुम्ही नाही उडवलं नाणं. दुसऱ्यांचेच मोजता."

खरेच, भावजी लेखनिकाचे काम करीत होते. 'मी आयुष्यात कुणाला एक पैसा दिला नाही' हे त्यांचे वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या कागदांचे बरेच दिवस काही हलत नव्हते, आणि मग एका आठवड्यात सगळे झाले, हेही सगळ्यांना पाठ आहे. ते कसे झाले हे कुणी कधी विचारले नाही.

त्यांनी नाणे उडवले. झेलले. तळहात किंचित उचलून पाहिले, चष्मा सारखा करून पुन्हा पाहिले. डोक्यावरून एक विमान गेले, त्याचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

"हो," ते म्हणाले.

ताई त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"छापा होता," भावजी घाईघाईने म्हणाले.

"ते सांगायचं नसतं, भावजी," मी म्हणालो. "नियम आहे."

त्यांनी नाणे कोटाच्या खिशात टाकले आणि ताईला अनारसे आणायला सांगितले.